व्ह्यूज लाखात, ऑर्डरी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या

"मॅडम, रोज रील टाकते. लोक बघतात, हार्ट टाकतात, 'तोंडाला पाणी सुटलं' म्हणून लिहितात. ऑर्डर मात्र कुणी देत नाही. आणि फोन काही हातातून सुटत नाही. धंदा बंद करू का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच तोंडून येतो. ब्लाउज शिवणाऱ्या येतात, मेंदी काढणाऱ्या येतात, एकदा तर गणिताच्या शिकवण्या घेणारे सर आले होते. इथे सांगते ती गोष्ट ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंची. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे.

ताई पुरणपोळ्या करतात, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीला फराळ. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हा घरातूनच सुरुवात केली. टिकटॉकवर बंदी आली जून 2020 च्या अखेरीस आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली. ताईंच्या लेकीने तेव्हाच आईचं पेज उघडून दिलं. सुरुवातीला मजा होती. माझ्याकडे आल्या तेव्हा मात्र रात्री दोनला जाग येऊन फोन तपासणं, लेकीवर खेकसणं, स्वयंपाकघरात रिंग लाइट लावून तीच पोळी पुन्हापुन्हा लाटणं, असं चाललं होतं. एकदा पोळी फुगतानाचा शॉट नीट यावा म्हणून तव्यासमोर फोन धरून बसल्या आणि खालून पोळी करपली. ती पोळी ग्राहकाच्या ऑर्डरमधली होती. नवऱ्याचं म्हणणं एकच: "धंदा कुठला, हा तर तमाशा झालाय."

पहिल्या भेटीत बोलता बोलता त्यांचा अंगठा सारखा स्क्रीन खाली ओढत होता. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मी फक्त विचारलं, "आत्ता काय बघितलंत?" म्हणाल्या, "काही नाही, नवीन काही आलंय का."

स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर जे प्रयोग केले, त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल, कधी नाही, असं अनिश्चित ठेवलं की कबुतर चोच मारायचं थांबतच नाही. दाणे बंद केले तरी बराच वेळ मारत राहतं. लाइक्सचं तेच होतं. एखादी रील पडते, एखादी उसळते, का ते कुणाला कळत नाही, म्हणून हात पुन्हा फोनकडे जातो. हे ताईंना सांगितलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. तोवर त्या 'आपल्यातच काहीतरी खोट आहे, मन घट्ट नाही' असं धरून चालल्या होत्या.

मग त्यांची गाजलेली रील आम्ही दोघींनी मिळून पाहिली. पोळी टम्म फुगते, वर तुपाची धार. व्ह्यूज लाखाच्या वर गेलेले. बिझनेस खात्याला प्रेक्षक कुठल्या शहरांतले ते दिसतं, ते उघडायला सांगितलं. इंदूर, नागपूर, पुणे, दिल्ली. ठाणे त्या यादीत नव्हतंच! मी विचारलं, "तुमची पोळी इंदूरला जाते?" ताई म्हणाल्या, "छे हो, दोन दिवसांवर ठेवू नका असं मीच सांगते. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून नौपाड्याला पाठवायची तरी जिवावर येतं." आणि मग स्वतःच हसल्या.

म्हणजे रील वाईट नव्हती. ती बघणाऱ्यांना ताई पोळी विकूच शकत नव्हत्या, एवढंच. रील्स बहुतेक करून तुम्हाला न ओळखणाऱ्यांपुढे टाकली जातात, ते लोक वाघबीळचे असतील असं ॲपला वाटण्याचं काही कारण नाही. 'रोज पोस्ट टाका, फॉलोअर वाढवा' असे नव्याण्णव रुपयांचे वेबिनार विकणारे हे सांगत नाहीत. (त्यांचा धंदा मात्र देशभर चालतो, कारण त्यांचा माल दोन दिवसांत आंबत नाही.)

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. ऑर्डर आली की विचारायचं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि उत्तर लिहायचं. पुढच्या भेटीला वही घेऊन आल्या. ऑर्डरी येत होत्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून, लेकीच्या शाळेतल्या आयांकडून, भिशीतल्या बायकांकडून. पण वहीत आणखी एक ओळ वारंवार होती: 'मैत्रिणीने सांगितलं, मग पेज बघितलं.' म्हणजे पेज गिऱ्हाईक आणत नव्हतं, आलेल्या गिऱ्हाइकाची खात्री पटवत होतं. स्वयंपाकघर स्वच्छ दिसतं का, दर लिहिलाय का, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे का, एवढं पाहून लोक फोन लावत होते. त्याला रोज नवी रील लागत नाही. ताईंच्या पेजवर शंभरावर रील्स होत्या, दर एकाही ठिकाणी नव्हता.

इथवरचं बरंचसं व्यवहाराचं झालं. माझ्या कामाचा भाग त्यानंतर सुरू झाला, कारण सगळं पटूनही अंगठा थांबेना. एका कमेंटवर त्या महिनाभर अडकल्या होत्या: 'एवढी महाग? आमच्या गावाला निम्म्या किमतीत मिळते.' स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. मी विचारलं, इतक्या चांगल्या कमेंट्समधून हीच का जपून ठेवली? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वीस वर्षं घरात पोळ्या करते. सासूबाई गप्प खायच्या, हेही गप्प खातात. चांगली झाली, असं पहिल्यांदा अनोळखी माणसांनी म्हटलं."

लाइक कमी झाले की धंदा बुडाला असं त्यांना वाटत नव्हतं. ते कौतुक परत घेतलं गेलं, असं वाटत होतं. हे कळल्याशिवाय 'फोन कमी वापरा' हा सल्ला फुकट असतो. पुढच्या काही भेटी आम्ही त्यावरच घालवल्या आणि एकदा नवऱ्यालाही बोलावलं. ते आले ते हाताची घडी घालून. बायकोच्या हातच्या पोळीबद्दल काय वाटतं, असं विचारल्यावर म्हणाले, "चांगलीच असते की. सांगायचं काय त्यात?" ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवसापासून सगळं बदललं, असं काही झालं नाही. पण 'तमाशा' हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही.

व्यवस्था आम्ही साधीच लावली. पोस्टवरच्या लाइक्सचा आकडा लपवता येतो, ही सोय इन्स्टाग्रामने 2021 मध्ये सगळ्यांना दिली, ती लेकीने चालू करून दिली. रील आठवड्यातून एक, तीही ऑर्डरच्या नाही तर घरच्या पोळीची. व्हॉट्सॲप बिझनेसवर दरांसकट कॅटलॉग लावला, आणि रात्री नऊनंतर आपोआप जाणारा मेसेज: 'निरोप मिळाला, सकाळी उत्तर देते.' रात्री अकराला 'होळीला दहा पोळ्या मिळतील का' विचारणाऱ्याला सकाळी उत्तर चालतं, हे ताईंना स्वतः अनुभवल्यावरच पटलं. 'महाग' म्हणणाऱ्याला वाद न घालता वजन आणि साजूक तूप, एवढंच सांगायचं ठरलं. ती कमेंट मात्र अजूनही टोचते म्हणतात, आणि ते मला खरं वाटतं.

झोप सुधारायला वेळ लागला. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, हे आधी जमेना, कारण गजर फोनवरच होता. मग गजराचं घड्याळ आणलं. ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असते, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, त्यांना मी आधी डॉक्टरांना भेटायला सांगते. तिथे प्रश्न फक्त फोनचा राहिलेला नसतो.

आता ताई अधूनमधून येतात. मागच्या खेपेला वही घेऊनच आल्या होत्या. कासारवडवली आणि आनंदनगरच्या ऑर्डरी वाढल्यात, तेव्हा गणपतीत मोदकांना हाताखाली बाई ठेवली तर परवडेल का आणि तिला किती द्यायचे, असं विचारत होत्या. हे हिशेबाचं काम माझं नव्हे, म्हणून वहीसकट त्यांना सीएकडे पाठवलं.