'कोरस' म्हणजे आधी नाच

प्रश्न असा: हॉलिवूडचा दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन याच्या एका मराठी परिचयात 'ब्रॉडवेवर समूहगायक म्हणून सुरुवात' असं छापलंय. 'कोरस'ला हाच प्रतिशब्द ना? आणि त्याला नट म्हणावं की नर्तक?

समूहगायक मुळीच नव्हे. 'कोरस' दिसला की गाणंच सुचायचं, ही खोड आता फार झाली. रेडिओवर 'अमुक आणि कोरस' ऐकून कान तसे घडलेत. पण मागून ओळ उचलून धरणाऱ्यांना आपल्याकडे झीलकरी हा झकास शब्द आहे, आणि डोनन काही झीलकरी नव्हता. १९४० साली 'पॅल जोई' या नाटकात सोळा वर्षांचा डोनन उभा राहिला तो नाचणाऱ्यांच्या ओळीत. नायक होता जीन केली. तेव्हा 'नृत्यवृंद' लिहा.

खरी गंमत पुढेच आहे. 'कोरस' ज्यातून आला तो ग्रीक 'खोरोस' म्हणजे मुळात नाच. ग्रीसमध्ये आजही तोच अर्थ. 'कोरिओग्राफी' त्यातूनच आली. 'ऑर्केस्ट्रा'सुद्धा 'नाचणे' याच अर्थाच्या क्रियापदावरून: प्राचीन नाट्यगृहात खोरोस, म्हणजे नाचणारा वृंदही, नाचायचा ती मोकळी जागा. वाद्यं तिथे फार नंतर येऊन बसली.

आणि आपला 'नट'? तोही नाचणाराच! विकृतचं विकट, भृतचं भट ('सुभट'मधला), तसा नृत् चा नट्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, नट् आणि नृत् निरनिराळे दिलेत, म्हणून त्यांचं मूळही निराळं, असं बजावणारे पंडित आहेत. मला ते साफ अमान्य आहे. यादीत नोंदी दोन असल्या म्हणून जन्म दोन होत नाहीत. ऋकाराशेजारच्या तकाराचा प्राकृतात किती ठिकाणी टकार झालाय, ते या मंडळींनी एकदा तपासावं.

डोनन दिग्दर्शक झाला तरी हा धातू त्याला सुटला नाही. १९४९चा 'ऑन द टाउन' आणि १९५२चा 'सिंगिंग इन द रेन' त्याने केलीसोबत दिग्दर्शित केले. पण मला प्यारा १९५१चा 'रॉयल वेडिंग'. त्यात फ्रेड अस्टेअर नाचत नाचत भिंतीवर चढतो आणि छतावर जातो. अख्खी खोलीच फिरत्या पिंपात बांधलेली. सामान घट्ट ठोकलेलं, कॅमेरा आणि कॅमेरावालाही खोलीलाच जखडलेले. खोली फिरे तसे तेही फिरत. अस्टेअर मात्र सदैव तळाशीच नाचत होता.