दाढ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी उठलेली कळ

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे असून इतवारीत माझे किराणा दुकान आहे. गेल्या आठवड्यात खालच्या जबड्यातील डावीकडची किडलेली अक्कलदाढ काढून घेतली. पहिले दोन दिवस दुखणे कमी होत गेले. परंतु तिसऱ्या दिवशी रात्री जी कळ उठली ती कानापर्यंत जाते, तोंडाला घाण वास येतो आणि गोळीने तेवढ्यापुरताच आराम पडतो. घरच्यांनी सांगितल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मिठाच्या पाण्याने जोरात चुळा भरल्या होत्या. मला खर्ऱ्याची सवय आहे. दाढ काढली त्या दिवशी तो टाळला, दुसऱ्या दिवशी मात्र उजव्या बाजूने थोडा खाल्ला. दाढेचा तुकडा आत राहिला असेल का? लवंगाचे तेल त्या जागी घालावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून हा ‘ड्राय सॉकेट’ नावाचा त्रास असण्याची शक्यता अधिक वाटते. तरीही मुळाचा तुकडा राहिला आहे की नाही हे जागा पाहून आणि गरज पडल्यास एक्स-रे काढूनच ठरवता येईल, म्हणून ज्यांनी दाढ काढली त्या दंतवैद्यांना आजच दाखवावे. ठरलेल्या तारखेची वाट पाहत कळ सोसत बसू नये.

दाढ निघाली की हाडात जो खळगा उरतो, त्यात काही वेळातच रक्त साकळून गुठळी तयार होते. ही गुठळी पुष्कळांना घाण वाटते आणि ती धुऊन काढण्याकडे त्यांचा कल असतो. वास्तविक उघड्या हाडावरचे आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवरचे तेच एकमेव पांघरूण असते, आणि पुढे तिच्याच आधाराने नवी ऊती भरत जाते. ती निखळली किंवा वेळेआधी विरघळली तर हाड उघडे पडते, आणि मग आपण लिहिता तशीच, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होऊन कानाकडे चढणारी वेदना होते. साध्या दाढा काढल्यावर हा त्रास शंभरांतून दोन ते पाच जणांना होतो. खालच्या अक्कलदाढेनंतर हे प्रमाण बरेच जास्त असते. म्हणजे सगळा दोष चुळांवर टाकण्याचे कारण नाही, पण पहिल्या चोवीस तासांत चूळ भरणे, वारंवार थुंकणे आणि नळीने ताक, लस्सी किंवा उसाचा रस ओढणे कटाक्षाने टाळायला हवे, कारण या तिन्हींमुळे गुठळीवर ताण येतो. मिठाचे पाणी वाईट नव्हे; ते दुसऱ्या दिवसापासून, कोमट करून, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, तोंडात नुसते धरून अलगद सोडून द्यायचे असते.

दंतवैद्य ती जागा सलाईनने धुऊन औषधी पट्टी भरतील. त्या पट्टीत बहुधा लवंगातलेच युजेनॉल असते आणि बऱ्याच रुग्णांना त्याच दिवशी उतार पडतो. मात्र म्हणून घरातले लवंगाचे तेल थेट खळग्यात सोडू नये. शुद्ध तेलाने हिरडी भाजते आणि जखम चिघळते. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी दाबून ठेवण्याची पद्धतही तितकीच घातक आहे. ड्राय सॉकेट हा मुळात जंतुसंसर्ग नसल्याने औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून खाण्यानेही काही साधत नाही. ताप आला, पू दिसला, गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढत गेली, तोंड उघडेना वा गिळताना त्रास होऊ लागला, तर मात्र तो संसर्गाचा इशारा समजावा आणि रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे.

आता खर्ऱ्याविषयी मनापासून लिहितो, कारण आपल्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट तीच आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा माल उजव्या गालात धरला म्हणून डावी जखम सुरक्षित राहत नाही. त्याचा रस लाळेबरोबर सगळ्या तोंडात फिरतो, सुपारीचे कण खळग्यात जाऊन बसतात, आणि खाणारा थुंकल्याशिवाय राहत नाही. शिवाय सुपारीने गालांच्या आतले अस्तर हळूहळू कडक होऊन तोंड उघडणे कमी होत जाते आणि या विकारातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. नागपूर आणि एकूणच विदर्भात दंतवैद्यांसमोर असे आखडलेले तोंड घेऊन विशी-पंचविशीतली मुलेही बसतात, हे पाहून फार वाईट वाटते. आरशासमोर उभे राहून आपलीच तीन बोटे एकावर एक ठेवून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे पाहावे. जात नसतील, किंवा तिखट खाताना गालांची आग होत असेल, तर मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात तपासून घ्यावे. दाढेच्या निमित्ताने हे दिवस खर्ऱ्याविना काढावेच लागणार आहेत. ते तसेच पुढे चालू ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर गुरगुट्या भात, मुगाचे पातळ वरण आणि ताक असा कोमट किंवा गार आहार घ्यावा. तर्री, चिवडा आणि संत्र्यासारखी आंबट फळे काही दिवस बाजूला ठेवावीत. हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते. आतले हाड भरायला काही महिने लागतात, त्यामुळे तिथे खड्डा जाणवत राहिला तरी घाबरू नये.

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईची वरची दाढ काढायची आहे. तिला मधुमेह आहे आणि हृदयात स्टेंट असल्याने रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्या आधी बंद कराव्यात का? वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, असेही नातेवाईक म्हणतात.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नयेत. दाढेच्या जागेचे रक्त दाबून, टाका घालून आणि औषधाने थांबवता येते. गोळी थांबल्यामुळे स्टेंटमध्ये रक्त गोठले तर जिवावर बेतते. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, सर्व औषधांची यादी आणि साखरेचा ताजा अहवाल दंतवैद्यांना दाखवावा. हाडांच्या ठिसूळपणासाठी काही औषध किंवा इंजेक्शन घेतले असेल तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्यातल्या काहींमुळे जबड्याची जखम भरायला अडचण येते. सकाळची वेळ घ्यावी आणि नेहमीचा नाश्ता व मधुमेहाचे औषध घेऊनच आईंना न्यावे. उपाशीपोटी नेल्यास साखर उतरण्याची भीती असते. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत.

नजरेची भीती निराधार आहे. वरच्या दातांच्या संवेदना वाहणारी नस आणि दृष्टीची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगावे आणि तो सारखा काढून पाहू देऊ नये. लाळेत थोडी लाली दिवसभर दिसू शकते. परंतु नवा बोळा पुन्हा अर्धा तास दाबूनही तोंडात रक्त साचत राहिले, तर त्यांना लगेच दवाखान्यात न्यावे.