परभणी स्टेशनचे गाळे: सुरुवातीला एवढंच बघा

भाऊ, स्टेशनवरचे गाळे कोणाला द्यायचे हे ठरवायचंय, तर भाड्याचा तक्ता आधी बाजूला ठेवा. आठवडाभर स्टेशनवर नुसतं बसा. पहाटे, दुपारी आणि रात्रीच्या गाडीला. कोण उतरतं, कोण थांबतं, हातात काय असतं, ते वहीत लिहा.

परभणी जंक्शन आहे. परळीच्या गाडीची वाट बघणारा माणूस तासभर रिकामा असतो, त्याला बसून खायला लागतं. मनमाडकडं जाणाऱ्या गाडीतला मात्र काही मिनिटांसाठीच खाली उतरतो. त्याला चहा, पाण्याची बाटली आणि सुट्टे पैसे, बस. म्हणून फलाटावर झटपट माल, बसायचं हॉटेल बाहेर.

नवखे हमखास चुकतात त्या गोष्टी:

- जास्त भाडं देईल त्याला गाळा. मीही केलंय. दर्शनी जागा तयार कपड्यांना दिली. सुटकेस सांभाळत शर्ट कोण घालून बघतो?
- शेजारी-शेजारी तीन वडापाव. तिघंही रडतात.
- औषधं, चार्जर, कुलूप-साखळी विसरणं. विक्री थोडी, पण अडलेल्याला हेच लागतं.
- जनरल डबा कुठं थांबतो ते न बघता चहाचा स्टॉल लावणं. डबे बहुधा टोकाला, स्टॉल मधोमध!

नांदेडची नक्कल करू नका. तिथं सचखंड गुरुद्वाराचे यात्रेकरू मुक्कामाला येतात, त्यांची खरेदी वेगळी. स्थानिक माल स्टेशनवर विकायला जागा देणारी रेल्वेची ‘एक स्टेशन एक उत्पादन’ योजना 2022 पासून आहे, तिची माहिती जरूर काढा.

करारातली कलमं, टक्केवारी नंतर बघू. आधी वही भरा.