घरी शिवायच्या स्कर्टसाठी कोणतं कापड घेतलं तर तो अंगावर शोभून दिसेल?

तुम्ही लिहिलंय की कंबर 32 इंच, सीट 42, पोट थोडं पुढे आहे. लक्ष्मी रोडवरून जाड कॉटन आणून दोन पन्ह्यांचा चुण्यांचा स्कर्ट शिवलात आणि तो घातल्यावर आहात त्याहून रुंद दिसता. शिलाईत काही चुकलेलं नाही. कापड आणि कट यांचं जमलेलं नाही, एवढंच.

44 इंच पन्ह्याचे दोन तुकडे म्हणजे 88 इंच कापड. ते 32 इंच कंबरेवर चुणलं, म्हणजे पावणेतीन पट. मलमल किंवा व्हॉइलला एवढ्या चुण्या चालतात, कारण त्या कंबरेखाली लगेच खाली पडतात. जाड किंवा कडक कापडाची प्रत्येक चुणी मात्र आधी बाहेर जाते आणि मग खाली वळते. पोट असेल तर ते वळण नेमकं पोटावर येतं. अशा कापडाला दीड पट चुण्या पुरे, आणि तुमच्या अंगलटीला माझ्या मते त्यात कंबरेवर चुण्या नकोतच.

म्हणून रंग, प्रिंट नंतर बघा. आधी कापड पडतं कसं ते बघा. दुकानात ताका उलगडायला सांगा, कडेचा फूटभर भाग मुठीत चुणून धरा आणि मीटरभर कापड खाली लोंबू द्या. मुठीखाली ते सरळ खाली उतरलं तर त्याला फॉल आहे. घंटेसारखं फुललं तर ते कळ्यांच्या (वर अरुंद, खाली रुंद पट्ट्या जोडलेल्या) किंवा ए-लाइनच्या स्कर्टचं कापड. ही परीक्षा नव्या कॉटनवर मात्र फसवू शकते, कारण त्यात खळ असते. कापडावर नख ओढून बघा, पांढरी भुकटी दिसली तर खळ भरपूर आहे आणि दोन धुण्यांनंतर कापड वेगळंच लागेल. असं कापड घ्यायचंच असेल तर दुकानातल्या कडकपणावर कट ठरवू नका. धुऊन, वाळवून मग ठरवा.

आणखी दोन गोष्टी तिथेच बघून घ्या. दोन्ही अंगठे कापडावर शेजारी ठेवून आडवं ओढा. वीण उघडून फटी दिसल्या तर बसता-उठता सीटजवळ शिवणीतून धागे सरकणार. आणि गडद नीळ किंवा अजरख असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा, म्हणजे रंग जातो का ते कळेल.

तुमच्यासाठी मी 14 किलोचं रेयॉन घेईन आणि अर्धवर्तुळाचा स्कर्ट कापेन. '14 किलो' हे रेयॉनच्या जाडी-वजनाचं दुकानातलं नाव आहे, याच नावाने मागा. त्याहून हलकं रेयॉन अंगाला चिकटतं आणि पोटाची रेषा दाखवतं. अर्धवर्तुळाच्या कटात कंबरेवर एकही चुणी नसते, सीटवर आपोआप सैल जागा मिळते आणि घेर खालीच उघडतो. स्कूटरवर बसतानाही अडत नाही.

हिशेब असा. 32 ला 3.14 ने भागलं की त्रिज्या 10.2 इंच. शिवणीसाठी अर्धा इंच आत, म्हणजे 9.7 वर कापा. उंची 26 धरली तर खालची कड 10.2 + 26 + पाऊण इंच दुमड, म्हणजे 37 इंचांवर येते. 44 च्या पन्ह्यात ते बसतं आणि लांबी 74 इंच लागते. आटण्याचं धरून सव्वादोन मीटर घ्या. काठाकडे उरलेली पाच-सहा इंचांची पट्टी कमरपट्ट्याला वापरा. ती उभ्या धाग्यात असल्यामुळे पट्टा ताणला जात नाही. पट्ट्याला आतून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) लावा, आणि कंबरेची गोल कड कापल्या कापल्या काठापासून पाव इंचावर एक साधी टीप मारून ठेवा, नाहीतर उरेब (तिरक्या धाग्यात आलेला) भाग हातातच ताणला जाऊन कंबर दोन इंच मोठी होते. कापण्याआधी सगळं कापड भिजवून सावलीत वाळवा. रेयॉन ओलं असताना कमजोर असतं, पिळू नका.

अस्तर लागेल का? कापडाखाली हात घाला. बोटं मोजता आली तर लागेल. कॉटनचं अस्तर रेयॉनला धरून ठेवतं आणि चालताना दोन्ही वर चढतात, म्हणून शांतून किंवा क्रेपचं सुळसुळीत अस्तर लावा, स्कर्टपेक्षा दोन इंच आखूड, खाली मोकळं.

लिनन दिसायला सुंदर, पण बसून उठल्यावर मागे चुरगळलेलं दिसतं. ऑफिसला घालायचा असेल तर लिनन-कॉटन मिश्रण बघा. जॉर्जेट माझ्या मते पहिल्या-दुसऱ्या स्कर्टला घेऊ नये, कापताना सरकतं. खणाचा मोह होत असेल तर जरूर घ्या, फक्त तो चुणू नका. त्याचा पन्हा अरुंद असतो, कडा लवकर उसवतात आणि बुट्ट्यांना दिशा असते. कळ्या सगळ्या एकाच दिशेने कापा, लगेच इंटरलॉक करा आणि आतून अस्तर द्या.

तुमचं आधीचं जाड कॉटनही वाया गेलेलं नाही. नेफा उसवा, इस्त्री करा आणि त्यातून सहा कळ्या काढा. प्रत्येक कळी शिवणीसकट वर साडेसहा इंच, सीटवर साडेआठ, खाली 13. एका पन्ह्यात अशा तीन बसतात. वर सीटपर्यंत अंगाला नीट बसेल आणि तिथून खाली 72 इंचांचा घेर मिळेल. हेच जाड कापड मग पोटावर सपाट बसतं, कारण त्याच्या कडकपणाला वर चुण्याच उरत नाहीत. डाव्या बाजूला सात-आठ इंचांची चेन लावा.

सुई रेयॉनला 11 नंबर, या कॉटनला 14. अर्धवर्तुळाचा स्कर्ट पट्टा लावल्यावर एक पूर्ण दिवस टांगून ठेवा. उरेब भाग लोंबतो आणि कड वरखाली होते. मग घालून उभ्या राहा, कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजून खडूच्या खुणा करायला सांगा, जास्तीचं कापा आणि मगच दुमडा. दुमड अरुंदच ठेवा. गोल कडेवर दीड इंचाची दुमड घेतली की ती चुरते आणि बाहेरून पीळ दिसतो.