फोन माझा, ॲप ऑफिसचं

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहते, ऐरोलीतल्या एका कंपनीत नुकतीच जॉइन झालेय. पहिल्याच दिवशी आयटीचा मेल आला की स्वतःच्या फोनवर कंपनी पोर्टल, आउटलूक, टीम्स आणि ऑथेंटिकेटर टाका, उद्यापर्यंत सेटअप झाला पाहिजे. नवरा म्हणतो अजिबात टाकू नको, ते सगळे फोटो बघतात. बाजूच्या डेस्कवरची म्हणते नोकरी सोडली की अख्खा फोन पुसून टाकतात. माझ्या फोनमध्ये मुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत. सरळ नाही म्हणू का? फोन अँड्रॉइड आहे.

उत्तर : नाही म्हणायची घाई करू नका, पण उद्याच्या उद्या लंच टाइममध्ये आयटीवाल्या मुलाच्या हातात फोन देऊन 'करून दे रे' असंही करू नका. घरी निवांत बसा, फोटोंचा बॅकअप घ्या (तो तसाही घ्यायलाच हवा, फोन लोकलच्या गर्दीतही जातो) आणि प्रत्येक स्क्रीन वाचून मगच पुढे जा.

मेलमध्ये कंपनी पोर्टल आहे म्हणजे तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं इंट्यून, म्हणजे फोनवरची ऑफिसची ॲप्स सांभाळणारी सिस्टिम, असणार. स्वतःच्या अँड्रॉइडवर ते बहुतेक वेळा वर्क प्रोफाइल बनवतं, म्हणजे त्याच फोनमध्ये ऑफिसचा एक वेगळा कप्पा. ॲप्सच्या यादीत पर्सनल आणि वर्क असे दोन टॅब दिसायला लागतात, आणि ऑफिसच्या ॲप्सवर छोटी ब्रीफकेस येते. कंपनीचा हात त्या ब्रीफकेसपुरताच. तुमचे फोटो, एसएमएस, व्हॉट्सॲप, कॉलची यादी, कुठली साइट बघितली, पर्सनल बाजूला कुठली ॲप्स आहेत, यातलं काही त्यांना दिसत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, स्क्रीन लॉक आहे की नाही, असल्या गोष्टी मात्र दिसतात, आणि लॉक नसेल तर ते तो लावायला भाग पाडू शकतात. नोकरी सोडल्यावर पुसला जातो तो हा कप्पा, फोन नाही. म्हणजे यात तरी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बरोबर नाही, फक्त ऑफिसच्या वायफायवर असताना कुठल्या साइटवर गेलात ते नेटवर्कवरून कळू शकतं, तो भाग वेगळा, पर्सनल गोष्टींना आपला डेटा वापरा.

पण बाजूच्या डेस्कवरची अगदीच हवेत बोलत नाहीये. जुन्या पद्धतीत मेल ॲपमध्ये ऑफिसचं अकाउंट टाकलं की 'डिव्हाइस ॲडमिन' करायची परवानगी मागायचे आणि त्या यादीत 'सगळा डेटा पुसणे' हेही असायचं, लोक खाली स्क्रोल न करताच ओके दाबायचे. आजही तसा स्क्रीन आला तर तिथेच थांबा आणि आयटीला विचारा की वर्क प्रोफाइल का नाही. आणि कोणी म्हणालं की आधी फोन फॅक्टरी रीसेट करा आणि मग क्यूआर स्कॅन करा, तर ते स्वतःच्या फोनवर अजिबात नको, त्यात अख्खा फोन कंपनीच्या ताब्यात जातो. ती पद्धत कंपनीने दिलेल्या फोनसाठी आहे. तसंच करायचं असेल तर म्हणावं फोन द्या, मग करते. हे मागायला लाजायचं कारण नाही.

प्रोफाइल झालं की आउटलूक आणि टीम्स ब्रीफकेसवाल्या प्ले स्टोअरमधून घ्या, साध्या प्ले स्टोअरमधून घेतलेलं टीम्स पर्सनल बाजूला बसतं आणि मग लॉगिन होत नाही म्हणून लोक दिवसभर हेल्पडेस्कला फोन करत बसतात. ऑथेंटिकेटर (लॉगिन करणारे तुम्हीच आहात ना हे तपासणारं ॲप) कुठल्या बाजूला हवं ते मात्र आयटीलाच विचारा, प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यात नोटिफिकेशन आली की कॉम्प्युटरवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकायचा असतो. तुम्ही लॉगिन करतच नसाल आणि रात्री साडेअकराला अशी नोटिफिकेशन आली तर नाही दाबा आणि सकाळी आयटीला सांगा, कोणाकडे तरी तुमचा पासवर्ड गेलाय. फोन बदलायचा असेल तर जुना एक्स्चेंजला द्यायच्या आधी नव्यावर ऑथेंटिकेटर चालू करून घ्या, नाहीतर सोमवारी सकाळी सगळ्यातूनच बाहेर.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. वर्क बाजूच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो आणि तिथे डाउनलोड केलेल्या फाइल्स त्याच कप्प्यात राहतात आणि त्याच्याबरोबरच जातात, शिवाय बऱ्याच कंपन्या तिथून पर्सनल बाजूला कॉपी करायला देत नाहीत. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, रिलीव्हिंग लेटर एचआरकडून पर्सनल मेलवर मागून घ्या, शेवटच्या दिवसाआधी. आणि हो, वर्क टॅबमध्ये खाली पॉज करायचं बटण असतं. शनिवारी दाबा, ऑफिसची सगळी ॲप्स गप्प.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहे. आमच्या एचआरने व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरीच्या ॲपची एपीके (प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची) फाइल टाकलीय आणि सांगितलंय की १ तारखेपासून पंचिंग यावरच, नाहीतर गैरहजर. ॲप कॉन्टॅक्ट, एसएमएस आणि लोकेशन सगळं मागतंय. सगळ्यांनी टाकलं, मी एकटाच राहिलोय.

उत्तर : एकटे राहिलात ते बरंच झालं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके टाकायची नाही, एचआरच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण एचआरचंच व्हॉट्सॲप कोणी हॅक केलंय का हे तुम्हाला कसं कळणार. प्ले स्टोअरची लिंक मागा. हजेरीच्या ॲपला एसएमएस वाचून काय करायचंय? बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, आणि लोकांची खाती साफ होतात ती असल्याच परवानगीमुळे. कॉन्टॅक्ट पण नाही. लोकेशन द्यावं लागेल, पण 'ॲप वापरताना' एवढंच, पंच करताना ॲप उघडं असतंच. तिथेच अचूक लोकेशनचा पर्याय असतो तो चालू ठेवा, कारण अंदाजे लोकेशनचा घेर सुमारे ३ चौरस किलोमीटर धरतात, म्हणजे तुम्ही मशीनसमोर उभे आणि ॲपच्या मते तुम्ही पार ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे. पत्र्याच्या शेडमध्ये जीपीएस नीट पकडत नाही, गेटवर मोकळ्यात पंच करा. ज्यांनी टाकलंय त्यांना सांगा, ॲप काढा आणि बँकेची एन्ट्री एकदा बघून घ्या.

प्रश्न : वागळे इस्टेटला माझं एसी रिपेअरिंगचं काम आहे. टेक्निशियन मुलांना कंपनीचे फोन देतोय. मागच्या खेपेला एक पोरगा सोडून गेला, फोन परत दिला पण उघडेचना, रीसेट केला तर त्याचंच गूगल अकाउंट मागत बसला. आता नवे घेतोय, काय करू?

उत्तर : फोन मुलांच्या हातात जायच्या आधी सेट करा, तेच चुकतं सगळ्यांचं. नवा फोन चालू केला की पहिल्या वेलकम स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करा, क्यूआर स्कॅनर उघडतो, तुमच्या एमडीएम (कंपनीचे फोन लांबून सांभाळणाऱ्या) सर्व्हिसचा क्यूआर दाखवा की फोन कंपनीच्या नावावर सेट होतो आणि मग कुठली ॲप्स, कुठलं अकाउंट, हे तुमच्या हातात. एमडीएम सर्व्हिस त्यासाठी आधी घ्यावी लागते. आधीच कोणाच्या तरी जीमेलने चालू केलेला फोन असेल तर ते अकाउंट सेटिंगमधून काढून मगच रीसेट, म्हणजे तो कुलपाचा प्रकार होणार नाही. आणि लोकेशन दिसणार असेल तर मुलांना तोंडी नाही, लेखी सांगा आणि ड्युटीच्या वेळेपुरतंच बघा, घोडबंदरला कस्टमरकडे गेलाय का एवढंच तुम्हाला हवंय, रविवारी तो कुठे होता ते नकोय.

प्रश्न : सगळं नीट टाकलं, पण टीम्सचे मेसेज ॲप उघडल्यावरच धडाधड येतात. बॉस चिडतो. (कोपरखैरणे)

उत्तर : फोनची बॅटरी सेव्हिंग मागे चाललेलं ॲप बंद करतेय, शाओमी, विवो, ओप्पोवर तर हे फारच. ब्रीफकेसवाल्या टीम्सवर दाबून धरा, ॲप इन्फो, बॅटरी, अनरिस्ट्रिक्टेड करा, ऑटोस्टार्ट असेल तर तेही चालू. त्याआधी वर्क प्रोफाइल पॉजवर तर नाही ना ते बघा, रविवारी दाबलेलं बटण बरेच जण सोमवारी विसरतात.