'स्पूफ', विडंबन आणि विजोड जोडगोळी

प्रश्न असा आला आहे: 'ड्रॅगनेट' (१९८७) या हॉलिवूडपटाची ओळख लिहिताना 'स्पूफ'ला, म्हणजे एखाद्या कलाकृतीची ढब उचलून केलेल्या थट्टेला, मराठीत काय म्हणावं? 'विडंबन' म्हटलं की कविताच आठवते, मग 'नक्कल' किंवा 'खिल्ली' चालेल का? आणि 'बडी कॉप'चं, म्हणजे दोन पोलीस साथीदारांवरच्या सिनेमांच्या प्रकाराचं, काय करायचं?

माझं मत विडंबनालाच. कवितेशी त्याची गाठ पक्की बसली ती आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुलें'मुळे (१९२५). पण संस्कृतात विडंबन म्हणजे अनुकरण, थट्टेखातर केलेलंही. त्यात पद्याची अट नाही.

नक्कल माणसाची होते. बोटं फिरवत 'कुछ तो गड़बड़ है' म्हणणारा एसीपी प्रद्युम्नची नक्कल करत असतो. 'सीआयडी'चं विडंबन करायचं तर अख्ख्या मालिकेची चाल उचलावी लागेल, दरवाजे तोडण्यासकट. खिल्ली काय, मूळ चीज न बघताही उडवता येते.

'ड्रॅगनेट'ने मूळ चीज नीट घोटलेली दिसते. ती म्हणजे जॅक वेबची याच नावाची पोलिसी मालिका. ती १९४९ साली रेडिओवर आणि १९५१ साली टीव्हीवर आली. लॉस एंजेलिसचा सार्जंट जो फ्रायडे तीत वार, तारीख, हवा आणि आपली ड्यूटी एकसुरी आवाजात सांगायचा, एखादा पंचनामा वाचून दाखवावा तसा. सिनेमातला डॅन आयक्रॉइड या फ्रायडेचा त्याच नावाचा पुतण्या आहे. तो विनोद म्हणून काही करतच नाही. तोच सपाट, धडाधड सूर, तोच ताठा. फक्त काळ ऐंशीच्या दशकातला आणि शेजारी टॉम हँक्सचा मोकाट स्ट्रीबेक. साठीच्या दशकात फ्रायडेचा साथीदार बिल गॅनन रंगवणारा हॅरी मॉर्गन इथेही गॅननच आहे, बढती मिळून कॅप्टन झालेला. घरचाच माणूस सामील असताना खिल्ली कसली?

एक गंमत सांगायलाच हवी. 'जस्ट द फॅक्ट्स, मॅम' हे वाक्य फ्रायडेच्या नावावर जगभर खपतं, पण वेबचा फ्रायडे नेमकं असं कधी बोललाच नाही. 'ऑल वी वाँट आर द फॅक्ट्स, मॅम' अशा धाटणीचं तो बोलायचा. ते आटोपशीर रूप लोकांच्या तोंडी बसलं त्यात १९५३ साली अमेरिकन विनोदवीर स्टॅन फ्रीबर्गने काढलेल्या विडंबनाच्या रेकॉर्डचा मोठा वाटा मानतात.

'बडी कॉप'साठी 'मित्र पोलीस' नको. ते पोलीस खात्याच्या जनजागृती मोहिमेसारखं वाटतं. आपल्याकडे 'जोडगोळी' तयार आहे, आणि तिच्यात थोडा खोडकरपणाही मुरलेला आहे. या सिनेमांतल्या दोघांचं सुरुवातीला मुळीच पटत नाही, तेव्हा 'विजोड जोडगोळी' म्हणा. तुमचं वाक्य असं होईल: 'जुन्या पोलिसी मालिकेचं विडंबन करणारा, विजोड जोडगोळीचा विनोदी चित्रपट'. कशाचं विडंबन ते मात्र गाळू नका. आणि टंकताना 'विटंबना' होऊ देऊ नका. ती पुतळ्यांची होते आणि तिथे खरे पोलीस येतात.