वाचकांचे प्रश्न : परदेशातील लहानसहान गैरसोयी आणि विश्वास

प्रश्न : नोकरीनिमित्त परदेशात येऊन मला दीड वर्ष झाले. छळ नाही, आजार नाही, पैशाची ओढाताणही नाही. तरीही रोज काही ना काही खुपते. भाषा अर्धवट कळते, साधा अर्ज भरायचा तरी कोणाची तरी मनधरणी करावी लागते, हवा सोसत नाही, आणि विनोदावर सगळे हसून झाल्यावर मी हसतो. मंडळीतील (चर्चमधील) एका ज्येष्ठ बंधूंनी सांगितले की, अशा प्रत्येक प्रसंगातून देव काहीतरी शिकवत असतो, ते शोधावे. मी मनापासून शोधतो. पण आता प्रत्येक गैरसोय परीक्षेच्या पेपरासारखी वाटू लागली आहे. या किरकोळ गोष्टींत विश्वासाचे खरोखर काही असते का?

उत्तर : असते, मात्र आपण ज्या रीतीने शोधत आहात, त्या रीतीने ते सहसा हाती लागत नाही. आपली बस चुकली ती धडा देण्यासाठी देवाने चुकवली, असे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सांगत नाही. प्रत्येक दुःखाला कारण चिकटवण्याची घाई त्यातील ईयोब या दुःखात सापडलेल्या नीतिमान माणसाच्या मित्रांनी केली होती, आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, तर त्यांच्यावर झाला. तेव्हा थंडीला आधी थंडीच म्हणावे आणि अंगावर आणखी एक कपडा चढवावा.

गैरसोय एक काम मात्र चोख करते : आपण आजवर कशाच्या आधाराने उभे होतो, ते ती उघडे पाडते. बायबलमधील गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय पाहावा. मिसरातील (इजिप्तमधील) गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएली लोकांना रानात तेथील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण अशी सगळी यादी आठवते आणि हे सारे फुकट मिळत असे, असेही ते म्हणतात. त्या यादीत विटा आणि मुकादमाचा चाबूक तेवढा नसतो. घरची ओढ ही अशी निवडक आठवणारी असते. मायदेशी आपला विश्वास दृढ होता असे आपल्याला वाटत असेल, तर त्यातील विश्वास किती होता आणि ओळखीची माणसे, ओळखीची गीते व ठरलेला रविवार यांची सवय किती होती, हे परक्या देशात कळते. ते कळणे सुखाचे नसते. परंतु मी त्याला विश्वासाची हानी म्हणणार नाही.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातील पत्र याच संदर्भात वाचावे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव सांगतो ते त्यातील अकरावे वचन अनेक घरांच्या भिंतींवर असते. त्याआधीची वचने कोणी फ्रेम करून लावल्याचे मी तरी पाहिलेले नाही. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदातील लोकांना बंदिवान करून बाबेलास (बॅबिलोनला) नेल्यानंतर, दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना कळवले की सत्तर वर्षे लागतील, म्हणून घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. नगराने आधी आपल्याला आपलेसे करावे, अशी अट त्यात नाही.

मदत मागण्याविषयी आपण लिहिले आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मीही काही वर्षे परदेशात काढली आहेत. एका खिडकीपुढे माझे म्हणणे कोणालाच कळेना, तेव्हा रांगेतील शाळकरी मुलीने दुभाष्याचे काम केले आणि मला आभारापेक्षा संकोचच अधिक वाटला. तोवर मंडळीत मदत करणारा म्हणून माझी ओळख होती. घेणारा होणे मला जमत नव्हते. कृपा म्हणजे न कमावलेले दान, असे मी अनेकदा शिकवले होते, पण रिकामा हात पुढे करणे किती जड जाते, ते त्या दिवशी समजले. प्रेषित पौलानेही फिलिप्पै येथील मंडळीला बंदिवासातून लिहिताना, असेल त्या स्थितीत समाधानी राहण्यास आपण ‘शिकलो’ असे म्हटले आहे आणि त्याच पत्रात त्यांनी पाठवलेली मदत मोकळेपणाने स्वीकारली आहे.

एक भेद मात्र विसरू नये. वेतन अडवले जात असेल किंवा परका म्हणून अपमान होत असेल, तर ती गैरसोय नव्हे, अन्याय आहे. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात परक्याला जाचू नका अशी स्पष्ट आज्ञा आहे; तेथे धडा शोधत न बसता दाद मागावी.

प्रश्न : येथील उपासनेची भाषा मला नीट कळत नाही. घरी मातृभाषेत प्रार्थना केली तर चालेल का?

उत्तर : अवश्य करावी. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, यरुशलेमेत जमलेल्या परदेशीयांना देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकू आली. त्यांना आधी दुसरी भाषा शिकावी लागली नाही. उपासनेला जाणे मात्र सोडू नये. प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) तेथील भाषेत पाठ करावी. अर्थ आपल्याला आधीच ठाऊक असल्याने शब्द लवकर बसतात.